सतरा आणि एक

माझं डोकं जरा लवकर फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. बाबा म्हणतात आईवर गेली, आई म्हणते बापावर गेली. ते काही असो, त्या शनिवारी अकोल्याच्या बसमध्ये बसले तेव्हा ते पुरतं फिरलेलं होतं. मांडीवर इनऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पुस्तक उघडं होतं आणि मँगनीजचे इलेक्ट्रॉन काही केल्या अठरा होत नव्हते. बडनेऱ्याला एकोणीस आले, मूर्तिजापूरला पुन्हा मोजले तर तेव्हाही एकोणीसच.

मी आणि करिश्मा, आम्ही दोघींनी अमरावतीला एका खोलीत राहून एम.एस्सी. केलं. केलं म्हणजे जवळजवळ केलं. तिचा ऑरगॅनिकचा पेपर राहिला, माझा इनऑरगॅनिकचा. खरं तर आमची सावड ठरली होती. शेतात जशी करतात तशी, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ती मला इनऑरगॅनिक शिकवणार, मी तिला ऑरगॅनिक. पण ऐन परीक्षेच्या तोंडावर तिचं लग्न ठरलं, ती घरी पातूरला बस्त्याच्या साड्या निवडत बसली आणि मी खोलीत एकटी पुस्तकाशी भांडत बसले. सावड मोडली आणि दोघी एकेका पेपरात आपटलो. आता हिवाळी परीक्षेत बुधवारी माझा पेपर होता, शुक्रवारी तिचा. तेवढे निघाले की दोघींच्या हातात डिग्री. फॉर्म मीच भरले होते, दोघींचे.

नियम तसा सोपा आहे. मधे धातूचा एक अणू. त्याच्याभोवती कार्बन मोनॉक्साइडसारखे पाहुणे येऊन बसतात आणि प्रत्येक जण आपली इलेक्ट्रॉनांची एक जोडी धातूपुढे करतो. धातूचे स्वतःचे आणि आलेले मिळून अठरा झाले की घर भरलं, सगळे सुखात. लोखंडाचे आठ, पाच पाहुण्यांचे दहा, झाले अठरा. मँगनीजचे मात्र सातच. दहा मिळवले तरी सतरा, एक कमी. म्हणून सतरावाले दोन मँगनीज एकमेकांना धरून राहतात. त्यांच्यामधल्या बंधात इलेक्ट्रॉन दोन. सतरा आणि दोन एकोणीस, आणि पुस्तक म्हणतं अठरा. कसं ते पुस्तक सांगत नाही. ‘हे उघड आहे’ असं लिहून पुढे जातं. असं लिहिणाऱ्या माणसाला एकदा भेटायचं आहे मला.

करिश्माचं सासर अकोल्यात पातूर रस्त्याला आहे. भाजीपाल्याचा मळा आणि मळ्यातच घर. मी पोचले तेव्हा अंगणात मेथीचा हा एवढा ढीग पडला होता आणि तिची सासू, सुंदराबाई, जुड्या बांधत बसली होती.

“काहून आली व पोरी?” तिनं मान वर न करता विचारलं.

“करिश्माजवळ शिकाले आली, मावशी. माया एक पेपर राहिला.”

“मंग बराबर जागी आली.” आता मात्र तिनं वर पाहिलं. “आमची सून एम.एस्सी. पास हाय. पास झाली तवा म्या साऱ्या वस्तीत पेढे वाटले. पण शिकशीन तं जुड्या बांधता बांधता शिक. पहाटे मंडीत बोली लागते, हर्राशी कोणासाठी थांबत नाही.”

मी करिश्माकडे पाहिलं. ती मेथीकडे पाहत होती.

पाणी आणायच्या निमित्तानं मी तिला विहिरीकडे ओढत नेलं. “पास? कोण पास? शुक्रवारी तुया पेपर हाय, हॉलतिकीट माया मोबाइलमंदी पडलं हाय!”

“हळू बोल व.” तिचे डोळे भरून आले होते. “निकाल लागला तवा लग्नाले दोन महिने बी नव्हते झाले. ह्या आईनं इतक्या कौतुकानं इचारलं, झाली ना पास म्हणून. माया तोंडून हो निघून गेलं. मले वाटलं, नंतर सांगन. तं ह्या पेढे घेऊन बी आल्या. आता कोणत्या तोंडानं सांगू? नाही देत मी पेपर. राहू दे डिग्री.”

“बयताड हायेस का तू? सतरावर येऊन थांबतेस?”

“मायी शपथ हाय तुले. काही बोलू नोको.”

शपथ घातली म्हणून मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तो सगळा राग मी मेथीवर काढला. माझी पहिली जुडी सुंदराबाईनं उचलून पाहिली आणि म्हणाली, “एवढी कायले आवळतं? गळा दाबून राहिली का तिचा?”

ते दोन दिवस मी तिथेच राहिले. सकाळी वाफ्यात मेथी उपटायची, दुपारभर जुड्या बांधायच्या आणि बांधता बांधता शिकायचं. करिश्मा मला शिकवत होती. मीही “हे बरोबर म्हणून राहिली का मी, सांग बरं” असं मोठ्यानं म्हणत ऑरगॅनिकची एकेक अभिक्रिया तिच्या कानावर घालत होते. ती ऐकत होती. ओठ हलवून पाठही करत होती. पेपर द्यायचा नाही म्हणणारी बाई पाठ कशाला करते? मला तिचा राग येत होता आणि दयाही येत होती.

रविवारी दुपारी आम्ही मँगनीजपाशी पोचलो. मी माझे एकोणीस सांगितले.

करिश्मा हसली. बऱ्याच दिवसांनी तिला तशी हसताना पाहिलं. “तुमच्या घरी बैल किती हायेत?”

“जोडी हाय.”

“खरं सांग.”

तिला आमच्या घरचं सगळं माहीत आहे. परतवाड्याजवळ आमची जमीन थोडी, म्हणून बाबा एकच बैल ठेवतात. शेजारच्या उत्तमकाकांकडेही एकच. एका बैलानं पेरणीची तिफण चालत नाही. दोघांची सावड आहे, मला कळतं तेव्हापासून. “एक आमचा,” मी म्हटलं, “एक उत्तमकाकाचा.”

“आन् उत्तमकाकाले इचारलं तं?”

“तो बी जोडीच सांगते.”

“मंग खोटं कोण बोलून राहिलं?”

“कोणीच नाही. पेरणीले आमच्या वावरात जोडीच असते. त्याच्या बी वावरात जोडीच असते.”

“हां. आता गोठ्यातून मोज. तुया बापाच्या गोठ्यात एक आधीचाच उभा हाय. उत्तमकाकाकडून किती आले?”

“एक.”

“मंग दोन काहून मिळवते? बंधातल्या दोघांपैकी एक तं मँगनीजचा घरचाच हाय. तो सातामंदी मोजून झाला. तू त्याले बाहेरून आला म्हणून पुन्हा मोजला. सात, दहा आन् बाहेरून आलेला एक.”

अठरा. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. इतके दिवस मी आमचाच बैल दोनदा मोजत होते! त्या क्षणी मला तिचे पाय धरावेसे वाटले. आयुष्यात मी कुणाचे धड आभार मानलेले नाहीत, आमच्याकडे तशी पद्धतही नाही, पण तेव्हा मानावेसे वाटले. दोन वर्षं सरांनी फळा भरभरून लिहिलेलं, मी डोकं आपटून पाठ केलेलं, ते सगळं या पोरीनं मेथीच्या ढिगाशेजारी बसून माझ्या हातात ठेवलं होतं.

सुंदराबाई आमच्याकडे पाहत होती. तिला इलेक्ट्रॉन कळले नाहीत, कळायचं कारणही नव्हतं. पण सून शिकवते आहे आणि समोरच्या पोरीचा चेहरा उजळला आहे, एवढं तिला दिसलं. ती खुशीत म्हणाली, “पाह्यलं? उगाच नाही पेढे वाटले म्या.”

करिश्माचा हात थांबला.

“आई,” ती म्हणाली, “ते पेढे खोटे होते.”

“म्हंजे?”

“मी पास नाही झाली. माया बी एक पेपर राहिला हाय. येत्या शुक्रवारी हाय. तुमी इचारलं तवा म्या खोटं सांगतलं.” ती एका दमात सगळं बोलून गेली आणि मग पदराचं टोक तोंडात कोंबून रडायला लागली.

सुंदराबाईनं हातातली जुडी बांधली, ठेवली, दुसरी घेतली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं. तशी मी भांडले नाही असं नाही. “मावशी, लय हुशार हाय हे पोट्टी,” मी म्हटलं. “आता तिनं मले जे शिकवलं ते कॉलेजात कोणाले जमलं नाही. एका दिवसासाठी अमरावतीले पाठवा तिले. मी तिच्या बदल्यात येतो तुमच्या मळ्यात, म्हणान तितके दिवस.”

“तू आता निंघ पोरी,” सुंदराबाई म्हणाली. “तुयी गाडी चुकन.”

मला स्टँडवर सोडायला करिश्माचा नवरा नितेश आला. मी गाडीवरून उतरले तेव्हा तो एवढंच म्हणाला, “आईचं सांगता नाही येत.”

बुधवारी माझा पेपर झाला. तिसऱ्याच प्रश्नात मँगनीज उभा होता. मी लिहिलं: सात, दहा आणि एक. लिहिताना डोळ्यांपुढे आमचा गोठा आला, दारातून आत येणारा उत्तमकाकांचा पांढरा बैल आला आणि करिश्माचा मेथीनं हिरवा झालेला हात आला. शेवटच्या ओळीखाली दुहेरी रेघ मारली. बाहेर येऊन तिला फोन लावला, तर बंद. गुरुवारीही बंद.

शुक्रवारी माझं कॉलेजात काही काम नव्हतं. तरी तिच्या हॉलतिकिटाची छापील प्रत घेऊन मी सकाळीच फाटकाशी जाऊन उभी राहिले. आत जाणाऱ्या पोरी मला विचारत होत्या, तुझा झाला ना पेपर? मी एकदोघींवर खेकसले. घंटा व्हायला थोडा वेळ राहिला आणि मी मनातल्या मनात सुंदराबाईला, करिश्माला, त्या पेढेवाल्यालासुद्धा बोल लावून मोकळी झाले.

तेवढ्यात समोर ऑटो थांबला. आधी एक गाठोडं उतरलं, मग सुंदराबाई, मग करिश्मा. करिश्माचे डोळे सुजलेले होते, पण केस चापूनचोपून बांधलेले आणि हातात दोन पेन. मी काही बोलायच्या आत सुंदराबाईच म्हणाली, “चार दिस मी बोललीच नाही इच्यासंगं. लय राग आला मले. अजून हाय. काल रातीले म्हटलं, पेढे तं लोकाईनं खाल्ले, ते काही परत मांगता येत नाही. आता पासच होऊन ये.”

मी हॉलतिकीट करिश्माच्या हातात दिलं. तिनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, “ते तू म्हणून दाखवलेलं सारं पाठ हाय मले.” मग धावतच आत गेली.

“मावशी, तुमी कायले आल्या एवढ्या दूर?” मी विचारलं. “मळ्यात काम नाही का?”

“काम कवा नसते?” फाटकाबाहेरच्या निंबाखाली तिनं गाठोडं ठेवलं आणि बैठक मारली. “तू दोन दिस आमच्या मेथीले हात लावला. आमी कोणाची सावड फेडल्याबिगर ठेवत नाही. आन् इले एकटी पाठवली असती, तं अर्ध्या वाटेतून रडत परत आली असती. बस इथं.”

मी बसले. तिनं गाठोडं सोडलं. ज्वारीची भाकर, मेथीची भाजी, तिखटाचा गोळा. आतमध्ये पेपर सुरू झाल्याची घंटा झाली. मला खूप काही म्हणायचं होतं, म्हणजे तुमचे उपकार वगैरे, पण शब्द जुळेनात. शेवटी सरळच म्हटलं, “मावशी, तुमी तिले आणलं, हे मी जलमभर नाही इसरत.”

“भाकर खाय,” ती म्हणाली. पण तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात चांगला जड होता.

चौकीदार आमच्याकडे पाहत आला. फाटकासमोर भाकरीचं गाठोडं सोडून बसलेल्या बाया त्याला काही बऱ्या दिसेनात. मी त्याच्या ओळखीची, पण सुंदराबाईला त्यानं विचारलं, “कोणाचा पेपर हाय, बाई?”

सुंदराबाईनं आधी घास गिळला.

“आमचा,” ती म्हणाली.

चौकीदारानं माझ्याकडे पाहिलं. “आन् तू? तुया तं बुधवारीच झाला ना? तू कोणासाठी बसली?”

“आमचाच पेपर हाय,” मी म्हटलं, आणि सुंदराबाईनं अर्धी भाकर मोडून माझ्या हातावर ठेवली.