हात धरायचा रकाना

चूक झाली ती कागदावरच, आणि ती नर्सनेच केली.

नव्या औषधाच्या चाचणीसाठी भरायच्या संमतीच्या अर्जात बेचाळीस प्रश्न होते. समोरच्या पेशंट म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्यांच्या मोठ्या बाई. "परीक्षा माझी आहे की तुझी?" असं दर दोन प्रश्नांनी विचारून त्यांनी बिचारीला घायकुतीला आणलं होतं. एकोणचाळिसावा प्रश्न तिने एका दमात उरकला, "औषध चढल्यावर हात धरलेला चालेल?"

"छे ग. मला नाही असली चिकटाचिकटी खपत."

झालं, 'नाही'वर खूण पडली.

बाईंच्या पोटातल्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. पण बाईंना मरणाची नव्हे, आईची धास्ती. आईच्या शेवटच्या आजारात शाळेच्या परीक्षांपायी त्या दोन दिवस उशिरा पोचल्या. आई आपल्यावर रागावूनच गेली, असं मनाने घेतलं ते घेतलंच. भास घडवणाऱ्या अळंबीपासून काढलेल्या औषधाने मनाची अशी जुनी गाठ सैल होते का, हेच तर या इस्पितळातले संशोधक तपासत होते.

सकाळी कॅप्सूल दिली. डोळ्यांवर पट्टी, कानांत संथ संगीत, शेजारी खुर्चीत नर्स. दुपारी बाईंचा हात पलंगाबाहेर आला आणि हवेत चाचपडू लागला.

"आई, हात दे ना ग."

नर्स खुर्चीतून पुढे झुकली. पण शुद्धीत दिलेला होकारच खरा, नंतरचा धरायचा नाही. हा नियमही कुणी गंमत म्हणून केलेला नव्हता. औषधाखाली माणूस अगदी दुसऱ्याच्या हवाली असतो. "मी आहे इथे, बाई," ती म्हणाली. संगीतात ते कुठलं ऐकू जायला? बऱ्याच वेळाने हात आपणहून खाली गेला.

संध्याकाळी पट्टी काढली. बाई छताकडे बघत म्हणाल्या, "आई आली होती. अगदी जवळ बसली होती. पण हात नाही दिला तिने."

नर्सला रडूच फुटलं. "बाई, ती मी होते. तुम्ही आधी नको म्हणाला होतात म्हणून... मीच नीट विचारलं नाही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस ना? चाळीस वर्षं पोरींच्या थापा ऐकल्यात मी."

नर्सने शपथ घेतली. कागद आणून त्यांच्या पुढ्यात धरला. बाईंनी चष्मासुद्धा मागितला नाही.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पोर गुणाची आहेस."