भेटपत्राची प्रत

तो आला तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. हे मला नक्की आठवतं, कारण साडेअकराला एका विद्यार्थिनीशी माझी भेट ठरलेली होती आणि मी घड्याळाकडे पाहतच तिची फाईल बाहेर काढली होती. पुढच्या गोष्टींचा क्रम मी चौकशी समितीला सांगितला तसाच इथे लिहितो आहे. तो तंतोतंत बरोबर आहे, असं छातीठोकपणे म्हणायची माझी तयारी तेव्हाही नव्हती, आजही नाही.

आमचं विद्यार्थी सल्ला केंद्र विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या अगदी मागच्या टोकाला आहे. पुढे खिडकी, खिडकीपाशी ताई, आत माझी खोली. ताई माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान, पण सगळे ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. कोणी कुठला विषय घ्यावा, नापास झाल्यावर काय करावं, शिक्षण मध्येच सुटलं तर परत कसं यावं, हे सांगण्याचं माझं काम. माझ्या खोलीचं दार जाडजूड आहे आणि आतून त्याला गादीसारखं अस्तर लावलं आहे. ते आम्हीच हट्टाने लावून घेतलं होतं. मुलं खोलीत येऊन रडतात, ते बाहेरच्या बाकावरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. ताई म्हणायची, सरांना दार कशाला हवं, सर बोलतात ते समोर बसलेल्यालाही कळत नाही.

साडेअकराला यायची होती ती मुलगी चोवीस वर्षांची होती. एकोणिसाव्या वर्षी लग्न, आणि चार वर्षांनी एका सकाळी अंगावरच्या कपड्यांनिशी ती घरातून निघाली. नवऱ्याने तिचा हात दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं, त्याला तेव्हा तीन दिवस झाले होते. गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन ती राहत होती. पहिल्या भेटीत तिने हे सगळं बसच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं. मी पाण्याचा पेला पुढे केला. ती म्हणाली, "सर, पाणी नको. गणित सोडायचंय." गणित नवऱ्याने निवडलेलं होतं. तिला भूगोल हवा होता.

ती दर वेळी दहा मिनिटं आधी यायची आणि बाकावर बसायची. कुठलं दार कुठे उघडतं ते आधी बघून घेते, असं एकदा ताईला म्हणाली होती.

आता माझी चूक. भेट ठरली की आम्ही विद्यार्थ्याला भेटपत्र देतो: वार, वेळ, खोली क्रमांक, खाली सल्लागाराची सही. त्याची एक प्रत घरच्या पत्त्यावर जाते. पालकांनीच फार वर्षांपूर्वी मागणी करून ही पद्धत पाडून घेतली. ज्याच्या घरी काहीही कळवायचं नाही, त्याच्या फाईलच्या कण्यावर आम्ही लाल पट्टी चिकटवतो. टपाल बघणारा माणूस फक्त पट्टी बघतो; ती नसली तर पहिल्या पानावरचा पत्ता उतरवून घेतो, बाकी आतलं काही वाचत नाही. तिच्या फाईलवर पट्टी होती. पण विषय बदलला की फाईल बदलते. गणिताची निळी फाईल दप्तरात गेली आणि मी तिच्यासाठी भूगोलाची हिरवी फाईल केली. सगळी पानं स्वतःच्या हाताने उतरवून काढली. जुना घरचा पत्ता पहिल्या पानावर, नवा खोलीचा पत्ता तिसऱ्या पानावर. अक्षर चांगलं आलं म्हणून जरा खूशही झालो. पट्ट्यांची डबी ताईच्या खणात असते. तेव्हा तिच्या खिडकीपुढे रांग होती. तिला मध्येच हटकायला मला संकोच वाटला. नंतर मागू, असं म्हटलं, आणि विसरलो. प्रत जुन्या पत्त्यावर गेली.

तर तो आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, चेहरा चारचौघांत आवडेल असा. माझं दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं दिसत होतं. हातातला कागद दाखवून त्याने ताईकडे बायकोचा आत्ताचा पत्ता मागितला. नवरा असलात तरी विद्यार्थिनीच्या सहीशिवाय इथे काही मिळत नाही, असं ताईने नेहमीच्या सुरात सांगितलं. त्याने मान डोलावली. मग बाजूच्या दाराने आत आला, तिचा उजवा हात मनगटाला धरून खणात दाबला आणि कंबरेने खण जोरात बंद केला. जो आवाज झाला तो मला आधी खणाचाच वाटला.

ताई ओरडली नाही. तिचं तोंड उघडं राहिलं एवढंच. त्याने तिला केसांना धरून फरफटत माझ्या खोलीत आणलं आणि दार लावून घेतलं. त्या दारामुळे पुढचं काही कोणाला ऐकू जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

"काका, बसा ना," तो म्हणाला. "सही तुमचीच ना ही? अक्षर मोत्यासारखं आहे."

आमचे दोघांचे फोन त्याने पाण्याच्या भांड्यात टाकले. मग समजावून सांगितलं. साडेअकराला ती येणार हे त्याला कागदावरूनच कळलं होतं. पण ती आलीच नाही तर हेलपाटा फुकट जायला नको, म्हणून पत्ता हवा. तो विचारणार, आणि मी गप्प बसलो की ताईला मारणार. माझ्या वयाचा मान राखायला हवा, असंही वर म्हणाला.

हिरवी फाईल माझ्यासमोर टेबलावर होती, हजेरीवहीच्या खाली. हिरवी कड बोटभर बाहेर दिसत होती.

त्याने विचारलं. मी गप्प. त्याने ताईच्या तोंडावर उलट्या मुठीने मारलं. पुन्हा विचारलं. माझा गळा लहानपणापासून असाच आवळतो, वर्गात उत्तर येत असतानाही आवळायचा. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा तिचा एक दात माझ्या टेबलावर येऊन पडला, भेटींच्या यादीवर. लोकांनी पुढे माझ्या गप्प बसण्याला धैर्य म्हटलं. मला खरंच माहीत नाही. शब्द फुटले असते तर मी पत्ता सांगितला असता की काय, याची मला आजही खात्री नाही.

खात्री ताईला होती. रक्त गिळून ती म्हणाली, "सर, सांगायचं नाही." मग त्याच्याकडे मान वळवून म्हणाली, "आणि तू रे, बायका संपल्या की कोणाला मारतोस?"

तेव्हा त्याने तिला सोडलं आणि तो माझ्याकडे वळला. पहिला फटका कानावर बसला. चष्मा उडाला. दुसरा पोटात, आणि मी खुर्चीसकट कलंडलो. खाली पडल्यावर त्याने बुटाने बरगड्यांत लाथा घातल्या, घाई न करता, मध्ये थांबून, जणू प्रत्येक लाथेचा परिणाम बघत. मी सदुसष्ट वर्षांचा आहे. या आधी मला कोणी मारलं होतं ते शाळेतल्या मास्तरांनी, छडीने. इतक्या जवळून दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकण्याची मला सवय नव्हती.

पडताना मी टेबलक्लॉथ धरला असावा. सगळं माझ्या अंगावर आलं: वही, टाचण्या, पेला, फाईल. फाईल उघडीच पडली. त्याने वाकून नाव वाचलं. तिसऱ्या पानावर आला, पान फाडलं, नीट चौघडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"काका, एवढंच तर हवं होतं," तो म्हणाला. "उगाच अंग दुखवून घेतलंत."

घड्याळात अकरा वीस झाले होते. इथे साडेअकरापर्यंत थांबण्यात त्याला आता राम वाटेना. इथे माणसं येतात-जातात, त्यापेक्षा घरीच भेटतो तिला, असं तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. भिंतीशी बसलेली ताई हात छातीशी धरून त्याच्याकडे बघत होती. त्याने दार उघडलं.

ती बाहेर बाकावर बसली होती. गुडघ्यांवर वही, वहीवर नकाशाचा कागद.

ती पळाली नाही. उठून उभी राहिली. तोही जरा थबकला, मग हसला, आणि एखाद्याला स्टेशनवर घ्यायला आल्यासारखं म्हणाला, "चल." ती मागे सरकली तशी त्याने तिची मान पकडली आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. चौकटीला रक्त लागलं. तिचे हात वर आले होते, पण ते त्याला ढकलायला नाही, स्वतःचं डोकं झाकायला. ती हालचाल इतकी सरावाची होती की मला बघवेना.

माझ्या हाताशी टेबलावरून खाली आलेलं पंचिंग मशीन पडलं होतं. आमच्याकडे जाड फायलींना भोकं पाडायला जुनं, ओतीव लोखंडाचं आहे, एका हाताने सहज उचलत नाही. मी ते दोन हातांनी उचललं. कसा उठलो ते आठवत नाही. तो पाठमोरा होता. मी त्याच्या डोक्याच्या मागे मारलं.

त्याचा हात तिच्या मानेवरून सुटला. तो गुडघ्यांवर आला आणि वळून माझ्याकडे बघू लागला, फार आश्चर्याने, मी एखादा अशोभनीय शब्द उच्चारल्यासारखं. मी दुसऱ्यांदा मारलं, तोंडावर. जबडा एका बाजूला गेला. मशीनच्या बुडाचं झाकण उघडलं आणि आतल्या कागदाच्या टिकल्या, वर्षभराच्या साठलेल्या, सगळीकडे उडाल्या.

हे दोन फटके मला आठवतात. डॉक्टरांनी अकरा जखमा मोजल्या.

मधलं मला तुकड्यांत दिसतं. तो आडवा आहे. त्याचा एक हात वर येतो, तळवा माझ्याकडे, आणि मी त्या तळव्यावर मारतो. पांढऱ्या टिकल्या रक्तात भिजून त्याच्या गालाला चिकटतात. मशीन निसटतं, मी ते पुन्हा उचलतो. मला राग आला होता का? आला असेल. पण जास्त स्पष्ट आठवतं ते वेगळंच आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शरीराला काय करायचं ते कोणाला विचारावं लागत नव्हतं. हे लिहायला मला बरं वाटत नाही.

धावत आलेल्या पहारेकऱ्याने मला मागून मिठी मारून बाजूला ओढलं. मग मला दिसलं की ती मुलगी भिंतीला पाठ लावून बसली आहे. कपाळावरचं रक्त एका डोळ्यात उतरलं होतं. उघडा डोळा माझ्यावर होता, आणि दोन्ही हात पुन्हा डोक्यावर होते.

तो जगला. एका कानाने ऐकू येत नाही, जबड्यात तारा आहेत, शिक्षा झाली आहे आणि ती मोठी आहे. माझ्यावर काही आरोप ठेवला गेला नाही. ताईच्या मोडलेल्या हातापुढे आणि जबानीपुढे कोणी काही बोलूच शकलं नाही. समितीला मी लाल पट्टीचं सांगितलं, दोनदा सांगितलं. प्रमुख बाई म्हणाल्या, सर, ते आपण पद्धतीत सुधारणा म्हणून नोंदवू. घरी माझी बायको रोज सकाळी माझ्या बरगड्या शेकायची आणि म्हणायची, तुम्ही झुरळ मारायलासुद्धा मला हाक मारता. आधी ती हे हसून म्हणायची. पुढे पुढे म्हणेनाशी झाली.

महिन्याभराने ती मुलगी आली. बरोबर तिची मोठी बहीण होती, ती दारातच थांबली. दार मी उघडंच ठेवलं. कपाळावर टाक्यांची रेघ होती. ती बसली नाही. हातात सल्लागार बदलून मिळण्याचा अर्ज होता. त्यावर आधीच्या सल्लागाराची सही लागते.

मी भेटपत्राबद्दल माफी मागितली. बोलायचं ते घरून पाठ करून आलो होतो, तरी अडखळलो. ती शांतपणे ऐकत होती. चूक तिला ताईने आधीच सांगितली होती, ती म्हणाली. पत्र कोणाकडूनही जाऊ शकतं. ती नवीन खोलीत राहायला गेली आहे, भूगोल चालू आहे, आणि माझ्यामुळे ती जिवंत आहे हे तिला ठाऊक आहे. हे सगळं तिने मोजून मापून सांगितलं, एकही पायरी न गाळता.

मग म्हणाली, "सर, मी थांबा म्हणत होते."

मला कळलं नाही.

"तो खाली पडल्यावर. चार वेळा म्हटलं. नंतर ओरडले."

"मला ऐकू आलं नाही," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "त्यालाही कधी यायचं नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. बहिणीने दारातून तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली, अजून एकच मिनिट. अर्ज तिने टेबलाच्या कडेवर ठेवला, माझा हात पोचेल पण तिच्या हाताला लागणार नाही अशा बेताने.

सल्लागार बदलण्याचं कारण लिहायचा रकाना कोरा होता. कोरा रकाना असलेला अर्ज आम्ही घेत नाही, विद्यार्थ्याला परत करतो, तो नियम मीच वर्षानुवर्षं मुलांना समजावून सांगत आलो आहे. मी पेन घेतलं, रकाना तसाच ठेवून सही केली, तारीख घातली आणि अर्ज तिच्या बाजूला सरकवला. तिने तो दोन बोटांनी उचलला. दोघी गेल्या.