खालच्या कडेची साय

काचदादांनी आयुष्यभर बसवलेल्या काचा एकापुढे एक उभ्या केल्या, तर पहिल्या काचेत पाहणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसेल आणि शेवटच्या काचेत पणजोबांचा. हे त्यांचंच म्हणणं. तपासायला कोणी गेलं नाही, कारण काचदादा बोलायला लागले की ऐकणाऱ्याला उठायचं सुचत नसे. न्हावी वस्तरा हातात धरून थांबायचा, दूधवाल्याचं दूध नासायचं, आणि एकदा तर म्हणे एका घराला लागलेली आगसुद्धा गोष्ट संपेपर्यंत दारात थांबली होती.

त्या सकाळी मात्र ते थोरल्या बहिणीच्या अंगणात आले ते हत्यारांची पेटी उघडून थेट कामालाच लागले. समोर ताईची आणि दाजींची कॅम्पर व्हॅन उभी होती. आत दोन बर्नरची शेगडी, टीचभर बेसिन आणि उजव्या भिंतीला लागून लांब पलंग. पलंगाच्या उशाशी मोठी खिडकी. तिची काच उघडणारी नव्हती. काळ्या चिकट मसाल्यानं ती थेट पत्र्याला चिकटवलेली होती, आणि गेली सहा वर्षं ती गळत होती. गादी तीनदा बदलून झाली, आतलं लाकूड फुगलं, कोपऱ्यात बुरशीनं काळे नकाशे काढले.

ताईची फुप्फुसं यंदा थकली होती. ओली थंडी सुरू व्हायच्या आत कोरड्या हवेला न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेक वर कोरड्या पठारावर राहायची, दोन दिवसांच्या रस्त्यावर. ताईला तासभरही बसवत नव्हतं. जायचं तर आडवं होऊन, म्हणजे याच पलंगावर, याच खिडकीखाली. आणि थंडी आठवड्यावर आली होती.

गळतीचं खापर दाजींच्या माथी होतं. काच बसवली त्याच महिन्यात त्यांनी सामानाच्या रॅकसाठी टपाला चार भोकं पाडली होती. "यांनी वर भोकं पाडली आणि माझ्या उशाशी विहीर खणली," असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. दाजींनी भोकं तीनदा बुजवली, शेवटी रॅकच काढून टाकला. पाणी यायचं ते येतच राहिलं. काच खुद्द काचदादांनी बसवलेली, त्यामुळे तिच्याकडे बोट दाखवायचं कोणाच्या मनात आलं नाही. काचदादांच्या तर नाहीच नाही.

"टप चौथ्यांदा करायच्या आधी एकदा खिडकी काढून बघू," असं आता दाजीच म्हणाले होते.

"बघा की," काचदादा म्हणाले होते. "फक्त दोन हत्ती सांगून ठेवा. त्याशिवाय माझी काच सुटायची नाही."

हत्तींऐवजी पोलादी तार होती. मसाल्यातून तिचं एक टोक आत ओवलं, दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधल्या. दाजी आत, काचदादा बाहेर, आणि करवतीसारखी ओढाओढ सुरू झाली. वरची कड कापायला अर्धा तास लागला. दोन्ही बाजूंना तार करकरत, अडत, घाम काढत उतरली.

"हत्ती बरे होते," आतून दाजी धापा टाकत म्हणाले.

"दम खा दाजी. मसाला माझ्या हातचा आहे."

मग तार खालच्या कडेला आली आणि नुसती सरकत गेली. कापण्यासारखं तिथं काही नव्हतंच. दोघांनी रबरी व्हॅक्यूम कप लावून काच उचलली आणि टेबलावर अंथरलेल्या घोंगडीवर ठेवली. दाजी चहा टाकायला घरात गेले.

काचदादांनी चष्मा वर ढकलून खिडकीच्या चौकटीकडे पाहिलं. तीन बाजूंना कापलेला मसाला खडबडीत होता. खालच्या कडेला तो गोल आणि चकचकीत होता, मसाला भरायच्या गनमधून नुकता सोडल्यासारखा. त्याच्या माथ्यावर काच कधी दाबली गेलीच नव्हती, नुसती टेकली होती.

या मसाल्याला दुधासारखी साय धरते. दहा-पंधरा मिनिटांत वर पापुद्रा येतो, आणि मग त्यावर काच ठेवली तर ती दिसते चिकटल्यासारखी, चिकटत मात्र नाही. हे काचदादांनी किती जणांना शिकवलं होतं. आणि ती दुपार त्यांना आता लख्ख आठवली. मसाल्याची धार त्यांनी खालच्या कडेपासून सुरू केली होती. तेवढ्यात दाजींनी काहीतरी विचारलं, आणि गन खाली ठेवून काचदादांनी वादळाची गोष्ट काढली: दुकानाची भलीमोठी काच हातात असताना वारा असा सुटला की काचेसकट ते उडाले आणि तीन शेतं ओलांडून गेले. "मग उतरलात कसे?" दाजींनी विचारलं. उतरण्यात अर्धा तास गेला. त्यानंतर उरलेल्या तीन बाजू भरल्या आणि काच बसवली.

त्यांनी चौकटीच्या कोपऱ्यात नख घातलं. खालची पट्टी सालीसारखी सुटत आली, हातभर लांब, अखंड. तिच्याखाली पत्रा गंजला होता.

अंगणात कोणी नव्हतं. पट्टी खिशात टाकली की संपलं. गंज काय, सहा वर्षांच्या पाण्यानं कुठेही चढतो, आणि पाणी तर टपावरून आलं. हे सगळ्यांना पाठ होतं. काचदादांनी पट्टी घडी घालून खिशात टाकली.

तेवढ्यात ताई काठी टेकत बाहेर आली. शाल सावरत खुर्चीत बसली, आणि बराच वेळ नुसता श्वास गोळा करत राहिली. चार पावलं चालून आलेल्या माणसाला इतका वेळ लागतो, हे काचदादा प्रथमच इतक्या जवळून पाहत होते.

"निघाली?" तिनं विचारलं.

"निघाली."

"इतका गप्प का तू? दात काढून घेतलेस की काय?"

"काही नाही गं."

दाजी चहाचे कप घेऊन आले तशी ताई त्यांच्याकडे वळली. "बघा, माझ्या भावाचं काम कसं असतं. काढायला दोन माणसं लागली. नाहीतर तुमची भोकं." पुढचं बोलणं खोकल्यात बुडालं. दाजींनी कप खाली ठेवून तिची पाठ धरली.  टोमण्यांची त्यांना सवय होती.

काचदादांनी खिशातून पट्टी काढली आणि बहिणीच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"भोकांतून पाणी कधी आलंच नाही, ताई. इथून आलं. खालची कड चिकटलीच नव्हती. मी गोष्ट सांगत बसलो आणि मसाल्याला साय धरली."

ताईनं पट्टीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत होती.

"सहा वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"त्या बुरशीत निजले मी."

 छातीला हे त्या बुरशीनं झालं का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. काचदादांनाही ते विचारायचं धैर्य झालं नाही.

"मला कशाला सांगतोस," ताई हळूच म्हणाली. "त्यांना सांग. मी रोज बोलले यांना. जेवतानासुद्धा."

काचदादा दाजींकडे वळले. त्यांच्याइतके शब्द त्या वस्तीत कोणाकडे नव्हते, पण त्या वेळी कामाचा एकही सापडेना. "दाजी, माझं चुकलं," एवढंच आलं.

दाजी टपाकडे पाहत होते. "तिसऱ्यांदा बुजवली तेव्हा शिडीवरून पडलो होतो," ते म्हणाले. "हिनं तेव्हासुद्धा ऐकवलं." मग नजर खाली आणत, "उतरलात कसे, हे मीच विचारलं होतं."

"तुम्ही विचारलंत. थांबायला नको होतं मी."

"नको होतं," दाजी म्हणाले, आणि त्यांनी घासकागद उचलला. चहा तसाच निवला.

दुपारपर्यंत दोघांनी गंज घासून पत्रा उघडा केला. चांगला जुना मसाला पात्यानं तासून पातळ थर तेवढा ठेवला. काचेची कड पुसली, प्रायमर लावला, वाळू दिला. मग काचदादांनी गनमध्ये नवी नळी भरली आणि ताईनं मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं.

"आता कोणी बोलायचं नाही," ती म्हणाली. "मिनिटं मी सांगेन."

 डाव्या हातानं उजवं मनगट धरून काचदादांनी धार सोडली. खालची कड, उजवी, वरची.

"चार."

डावी बाजू. सुरुवातीच्या टोकावर शेवटचं टोक चढवून त्यांनी गन बाजूला टाकली.

"सहा. काच घ्या."

दोघांनी काच उचलली, खाली आधाराला ठेवलेल्या ठोकळ्यांवर टेकवली आणि तळहातांनी सगळीकडून दाबली. खालच्या कडेला मसाला काठोकाठ दबून आला.  चिकटपट्ट्या लावून होईपर्यंत ताईची नजर काट्यावर होती.

दिवसभर गाडी हलवायची नव्हती, दार आपटायचं नव्हतं. ओला मसाला तेवढ्या हवेच्या दाबानंही सरकतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बागेची नळी लावली. "मी आत निजते," ताई म्हणाली. "गळलं तर आधी मला कळेल." समजावण्यात अर्थ नव्हता. दाजी तिच्या पायाशी बसले.

काचदादांनी खालच्या कडेवर पाणी धरलं. दहा मिनिटं, वीस, अर्धा तास. बोटं बधिर झाली. काचेवरून पाण्याचे पडदे उतरत होते आणि त्यामागे बहिणीचा चेहरा कधी लहानपणचा वाटे, कधी अगदी म्हातारा.

शेवटी दाजींनी आतून हात हलवला आणि बाहेर येऊन नळ बंद केला. "कोरडं आहे," ते म्हणाले. "उशीखालीसुद्धा हात घालून पाहिला."

आतून खोकला ऐकू आला, कालच्यासारखाच लांब. तो थांबेपर्यंत दोघे पुरुष ओल्या अंगणात उभे राहिले.

"रस्ता लांब आहे," दाजी म्हणाले. "मी चालवणार. हिच्यापाशी कोणीतरी बसायला हवं."

काचदादांनी मान हलवली. हत्यारांची पेटी तिथंच सोडून ते घरी कपडे आणायला गेले.