सरपंचबाईंच्या गोठ्यावरचा फ्लेक्स

मी एक जुना फ्लेक्स आहे. मित्रांनो, हसू नका. जुन्या छत्रीची किंवा फुटक्या घागरीची कहाणी तुम्ही आवडीने ऐकता, पण फ्लेक्सलाही सांगण्यासारखं काही असेल असं कुणाच्या मनात येत नाही. आमच्याकडे लोक बघतात आणि पुढे जातात. सध्या मी रहिमतपूरजवळच्या एका गावात, गोठ्याच्या गळक्या पत्र्यावर पसरून पडलो आहे. वारा उडवून नेईल म्हणून माझ्या कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आहेत. छापलेली बाजू आभाळाकडे आणि पांढरी पाठ गोठ्याकडे. पत्र्याच्या भोकांतून मला खालचं दिसतं आणि ऐकूही येतं.

माझा जन्म रहिमतपूरच्या एका छपाईच्या दुकानात झाला. त्या वेळी आमच्या गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव होतं आणि सोनिया नावाची सून निवडून आली होती. तिचा नवरा विश्वजीत फौजेत, लांब लडाखला. त्यामुळे अभिनंदनाचा फ्लेक्स करायला आला तो तिचा दीर ऋषिराज. दुकानदाराने विचारलं, "वहिनींचा फोटो द्या." ऋषिराजने मोबाइल बराच वेळ चाळला. मुंडावळ्या बांधलेला लग्नातला एक फोटो तेवढा सापडला.

"ह्यो न्हाई चालायचा," तो म्हणाला. "फोटो ऱ्हाऊ द्या. नाव टाका लय मोठं. आन् फोटोच्या जागी फुलांचा गुच्छ ठिवा."

तसंच झालं. माझ्यावर वर पुढारी, मधोमध काळा चष्मा लावलेला ऋषिराज, शेजारी फेटा बांधलेले सासरे लालासाहेब आणि खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतले झाडून सगळे तरुण. सरपंचबाईंच्या जागी गुलाबांचा गुच्छ. खरं सांगतो, तेव्हा मला त्यात काहीच खटकलं नाही. मी नवा होतो, झळकत होतो आणि चौकात सगळ्यांत उंच टांगला गेलो होतो. माझ्यासमोर गुलाल उधळला, माझ्यासोबत लोकांनी फोटो काढले. हवेत असलेल्याला हवा लागायला कितीसा वेळ लागतो!

एकदा भाजी विकणारी अर्जुना आपल्या लेकीला, ओवीला, घेऊन चालली होती. पोरगी माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "आये, ह्यातली सरपंच कंची गं?"

"ती फुलं दिसत्यात न्हवं, तीच," अर्जुना म्हणाली आणि पुढे गेली.

त्या दिवसापासून मी ग्रामपंचायतीकडे जरा नीट बघू लागलो. सरपंचाच्या खुर्चीत रोज ऋषिराज बसायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. सोनियाच्या सह्या घरी जाऊन आणल्या जात. ग्रामसभेला तिला नेत आणि खुर्चीवर बसवत, पण डोक्यावरून पदर घेऊन ती खाली बघत राहायची. बोलायचा दीर. सासरे पहिल्या रांगेत असत आणि त्या घरात आल्यापासून सोनिया त्यांच्यासमोर कधी मोठ्याने बोलली नव्हती. भाकरी वाढू का, हेसुद्धा ती सासूकडून विचारायची.

पुढे वळवाच्या वाऱ्याने माझी एक बाजू फाटली. मला खाली ओढलं, गुंडाळलं आणि सरपंचांच्याच गोठ्यावर टाकलं. मित्रांनो, फार एकटं वाटायचं हो. ऊन चढलं की अंग तापायचं आणि माझ्यावरचे चेहरे एकेक करून पुसट व्हायचे. वर कावळा बसला तरी बरं वाटे. खाली धार काढायला सकाळ-संध्याकाळ सोनिया यायची. विश्वजीतच्या फोनला रेंज नसली की म्हशीशीच चार शब्द बोलायची. मला वाटायचं, आपण दोघं एकाच घरात असून एकमेकांना काही सांगू शकत नाही.

पण हळूहळू गोठ्यात बायका येऊ लागल्या. दूध न्यायचं निमित्त असे. ग्रामपंचायतीची पायरी त्या चढत नव्हत्या, मात्र गोठ्यात कुणी अडवत नव्हतं. एकदा अर्जुना किटली बाजूला ठेवून शेणाच्या पाटीशेजारी बसली.

"बाजारच्या दिशी सकाळी बसलो की दिवेलागणीपतोर उठता येत न्हाई," ती म्हणाली. "आमी पानीच पेत न्हाई. पेलं तर जायाचं कुटं? गड्यांचं बरं हाय, त्यास्नी भिताड हाय. आमाला एक मुतारी बांधून दे बाई."

"माज्या हातात काय हाय, वयनी?"

"सही तर तुजीच लागती न्हवं?"

 त्या दिवशी धार काढता काढता सोनिया मधेच थांबली आणि म्हैस वळून बघेपर्यंत तशीच बसून राहिली.

त्याच सुमारास गावच्या वेशीवर मोठी कमान उभारायचं पुरुषमंडळींनी ठरवलं होतं. ऋषिराज गोठ्याच्या दारात येऊन म्हणाला, "वहिनी, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत कमानीचा ठराव हाय. तुमी नुसतं बसा. बाकीचं मी बघतो."

"भावजी, आदी बाजारात बायकांची मुतारी बांधू," सोनिया म्हणाली. "कमान म्होरल्या साली."

तो हसला. "आबा म्होरं बसल्यालं असनार. त्यांच्यासमोर माइकवर मुतारीचं बोलनार तुमी? गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का आमाला?"

तो गेला. ती मात्र तांब्यात पाणी घेऊन कितीतरी वेळ हात धूत बसली. मला खरोखर भीती वाटली. ती बोलली नाही तर अर्जुना आणि बाकीच्या जणी पुन्हा तहानेल्या बसणार होत्या. बोलली तर याच घरात तिला रोज राहायचं होतं, आणि नवरा होता हजार कोस लांब.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि देवळापुढे ग्रामसभा भरली. मी पत्र्यावर. भोंग्यातून येईल तेवढंच मला कळणार होतं. ऋषिराजने कमानीचा ठराव वाचला. "मंजूर, मंजूर," असा गलका झाला. मग खरखर झाली, आणि एक बारीक आवाज आला.

"मी सोनिया. सरपंच हाय." पुन्हा खरखर. मग, "कमान बघायला बरी हाय. पन बाजारात बसनाऱ्या बाया दिसभर तोंडात पान्याचा थेंब घेत न्हाईत. म्हनून आदी बायकांची मुतारी. ज्यास्नी पटतंय त्यांनी हात वर करा."

कुणीतरी हसलं. कुणी शिटी मारली. त्यानंतर भोंग्यातून काहीच येईना. खाली म्हैस रवंथ करत होती आणि मला आयुष्यात पहिल्यांदा उडून जावंसं वाटत होतं, पण मी विटांखाली अडकून पडलो होतो.

संध्याकाळी ती गोठ्यात आली. डोळे सुजलेले होते. तिच्या मागोमाग सासू बनुबाई भिंतीला धरून आल्या. गुडघे धरल्यापासून त्या गोठ्यात फिरकल्या नव्हत्या.

"ह्यांनी जेवनार न्हाई म्हनून सांगितलंय," बनुबाई म्हणाल्या. "म्हनलं, ऱ्हावा उपाशी."

"आत्या, तुमी कशाला हात वर केला? मामा समोरच हुतं."

"शेतात ऊस यायच्या आदी मी बी बाजारात माळवं इकलंय, बाई. पानी न पेता बसायची. मुतखड्यानं लोळायची येळ आली तवा डाक्टर म्हनला, पानी पेत जावा. गडी मानूस त्यो, त्याला काय सांगनार?" त्या पाटी उपडी करून बसल्या. "मी मागं वळून बघितलं न्हाई. किती जनींनी हात वर केला गं?"

सोनिया वैरण टाकत राहिली. सगळी पेंढी सोडून झाली.

"समद्या आल्या हुत्या," ती शेवटी म्हणाली. "अर्जुना वयनी बी. पन समद्यांचं मालक म्होरं बसल्यालं. तुमी एकट्याच हुता, आत्या."

बनुबाईंनी बोटं मोजली. मग म्हणाल्या, "तुजा धरून दोन. म्होरली सभा कवा हाय?"

"एक मेला."

"बरं," असं म्हणून त्यांनी बादली पुढे ओढली, आणि गुडघे दुखत असूनही त्या दिवशी धार त्यांनीच काढली.

कमान झाली आहे. चांगली दिसते म्हणतात. लालासाहेब सुनेच्या हातचं जेवतात, पण तिच्याकडे बघत नाहीत. एक मेच्या सभेसाठी बनुबाई दुपारी काठी टेकत एकेका घरी जाऊन बसतात. कुठे चहा मिळतो, कुठे दार लावून घेतात.

मित्रांनो, माझे आता तुकडे पडू लागले आहेत. मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. फक्त चुलीत घालू नका, माझा धूर फार वाईट असतो. मागणं आहे ते वेगळंच. तुमच्या गावच्या ग्रामसभेच्या दिवशी घरात भाकरी उशिरा झाली तर कुरकुर करू नका. आईला जाऊ द्या, आणि जमलं तर तिच्याबरोबर जाऊन शेजारी बसा. बनुबाईंच्या शेजारी त्या दिवशी एकही हात वर झाला नव्हता.