अर्धं नमान

“माझं घर सोडा. पुढच्या घरी न्या तिला,” असं म्हणून जासिंत दार लावायला लागला.

माझी बायको कितेर घरांची यादी घेऊन उंबऱ्यावर उभी होती, मी तिच्या मागे. तिने दारात पाय घातला. “सोडा म्हणजे? सायबीण काय पोस्टमन आहे, दार बंद दिसलं की पुढं जायला?”

ऑक्टोबरात मारियामाउलीची मूर्ती, म्हणजे आमची सायबीण, बेटावरच्या आमच्या वाड्यात घरोघर फिरते. एकेका घरी एकेक दिवस राहते. संध्याकाळी सातला सगळा वाडा तिथे जमतो, माळ हातात घेऊन तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतो, आणि तो चालवायचा मान घरच्या माणसाचा. तिला कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहणारे भाऊसुद्धा एकाच अंगणात आपापला वेगळा दिवस मागून घेतात.

“खरं कारण सांग, जासिंतबाब,” कितेर म्हणाली.

“मला तेर्स चालवता येत नाही.”

कितेर हसली, मीही हसलो. या माणसाने चौतीस वर्षं फेरीबोट चालवली होती. दोर टाकायला मी असायचो, सुकाणूवर तो. ऐन भरतीत, गाड्यांनी खचाखच भरलेली बोट त्याने धक्क्याला अलगद लावलेली मी पाहिली आहे.

“चाळीस वर्षं रोज म्हणतोयस की रे!” मी म्हणालो.

“मी कुठं म्हणायचो? एश्कोला म्हणायची. मी उत्तर द्यायचो.”

त्याचं म्हणणं खरं होतं. तेर्सातल्या प्रत्येक नमानाचे, म्हणजे मारियेच्या छोट्या प्रार्थनेचे, दोन भाग असतात. चालवणारा ‘नमान मारिये’ म्हणून पहिला अर्धा म्हणतो आणि बाकीचे ‘पवित्र मारिये, देवाच्या माये’ म्हणून दुसरा. त्या घरात मूल नव्हतं, त्यामुळे पहिला अर्धा त्याच्या बायकोचा, एश्कोलाचा, आणि दुसरा जासिंतचा. ड्यूटीवरून आला की हा डिझेलच्या वासासकट बाकावर बसायचा आणि निम्म्या वेळा घोरायला लागायचा. मग ती पहिला अर्धा म्हणून थांबायची, वाट बघायची आणि शेवटी केरसुणीचा दांडा त्याच्या पोटरीला लावायची. मे महिन्यात ती गेली.

“शब्द येतात गे,” जासिंत खाली बघत म्हणाला. “पण पहिला अर्धा म्हटला की तोंड आपसूक थांबतं. पुढं कुणीतरी बोलायचं असतं ना. कुणी बोलत नाही. मग मी उठतो आणि दिवा मालवतो. मेपासून एक तेर्स पुरा झालेला नाही. आता सगळ्या वाड्यासमोर असाच थांबलो तर?”

आमचं हसू तिथेच विरलं. पाच महिने हा माणूस रोज भेटत होता, मासळीचा भाव सांगत होता आणि एवढं एक पोटात ठेवून होता. मला माझीच लाज वाटली.

कितेर मात्र डोळे पुसत बसणारी बाई नव्हे, ती वेळापत्रक करणारी बाई. “नऊ दिवस आहेत. तुझा गुरुवार, म्हणजे प्रकाशाची पाच रहस्यं,” ती म्हणाली. रहस्य म्हणजे येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग; वाराप्रमाणे पाच ठरलेले, एकेकाला दहा नमानं. “सकाळच्या पहिल्या फेरीचा भोंगा झाला की पहिलं रहस्य, दहा नमान. पोदेर पाव देऊन गेला की दुसरं. दुपारच्या घंटेला तिसरं, झोप काढून उठलास की चौथं, सातला पाचवं. दोन्ही अर्धे तूच म्हणायचे. थांबायचं नाही.”

“रोज गुरुवारचीच रहस्यं?”

“सायबीण रागावली तर माझं नाव सांग. आणि नुसतं तोंड चालवू नकोस. ते रहस्य डोळ्यांपुढे आण. तिथं जाऊन उभा राहा.”

रोज दुपारी कालवण घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी जासिंतने विचारलं, “इनास, त्या यार्देन नदीला भरती येत असेल का रे?”

“मी काय तिथं दोर टाकायला होतो?”

“पाणी कमरेएवढंच असणार. त्याहून खोल असतं तर माणूस पाण्यात घालून काढताना पाय टिकले नसते.” पहिल्या रहस्यात, येशूच्या बाप्तिस्म्यात, हा खोली मोजत बसला होता. पण तिथं उभा होता एवढं खरं.

दुसऱ्या रहस्यात, काना गावच्या लग्नात, तो दोन दिवस अडकला. “लग्नात दारू संपली म्हणजे! यजमानाचं तोंड कसं झालं असेल?” आधी हसला, मग म्हणाला, “आमच्या लग्नात डुकराच्या मटणाचं सोर्पोतेल संपत आलं होतं, ठाऊक आहे तुला?”

“कुणालाच ठाऊक नाही.”

“एश्कोलानं ओळखलं. नवरीच्या वेषात बसल्या जागेवरून मावशीच्या कानात सांगितलं, आमच्या घरच्यांना पुलाव वाढा आणि सोर्पोतेल पाहुण्यांकडे फिरवा. कानात दारू संपल्याचं मारियेनं ओळखलं तस्संच. वर्षानुवर्षं दर गुरुवारी ती मला त्या लग्नाला घेऊन गेली रे, आणि मी तिथं झोपलो.”

मी भांड्यावरचं झाकण काढलं. कालवण गार होतंय, एवढंच म्हणालो.

गुरुवारी त्याचं घर भरलं. सायबिणीपुढे अबोलीचे वळेसर ठेवलेले, उंबऱ्यापर्यंत माणसं. जासिंत पांढरा शर्ट घालून गुडघ्यांवर, माळ हातात. त्याने पहिलं रहस्य सांगितलं, पहिला अर्धा म्हटला आणि थांबला.

चाळीस माणसांनी उत्तर दिलं.

मी त्याच्या मागेच होतो. त्याचे खांदे खाली आलेले मला दिसले. पुढची नऊ नमानं त्याने बोट धक्क्याला लावावी तशी लावली.

मग काना गाव आलं. दहा झाली. माझं बोट दहांनंतरच्या मोठ्या मण्यावर पोचलं, पण जासिंतने अकरावं नमान सुरू केलं. आम्ही उत्तर दिलं. बारावं. पोरी खुदखुदायला लागल्या. चालवणाऱ्याला टोकायचं धाडस आमच्यात फक्त कितेरमध्ये आहे आणि ती डोळे मिटून बसलेली. सतराव्याला तो भानावर आला, हातातल्या माळेकडे बघितलं. बोट अजून पहिल्याच मण्यावर होतं.

“किती झाली?” त्याने सरळ विचारलं.

“सतरा,” कितेर डोळे न उघडता म्हणाली. “लग्न आवडलं वाटतं.”

जासिंत हसला, सगळं घर हसलं, मला वाटतं सायबीणही हसली असेल. मग त्याने डोळे पुसले आणि तिसरं रहस्य सांगितलं.

तेर्स संपल्यावर उकडलेले चणे खाताना मी त्याला डिवचलं, “ऐन ओहोटीत वाळूत रुतवलीस की बोट.”

“इनास, पलीकडून उत्तर येतं तेव्हा कसं वाटतं माहितेय? पाच महिने दोर टाकत होतो, धक्क्यावर धरायला कुणी नव्हतं. आज धरला.” तो चणे चावत राहिला. मग म्हणाला, “तिलाही असंच वाटत असेल. मी जागा असलो की.”

सायबिणीची फेरी संपली. नोव्हेंबरात एका संध्याकाळी सातला मी पाव घेऊन त्याच्या कुंपणाजवळून चाललो होतो. आतून त्याचा आवाज आला, पहिला अर्धा, मोठ्याने, स्पष्ट, अगदी एश्कोला म्हणायची त्या चालीवर. मग तो थांबला. मला वाटलं, पुन्हा अडकला बिचारा. उत्तर द्यायला मी रस्त्यातच तोंड उघडलं.

तेवढ्यात त्यानेच उत्तर दिलं, खालच्या आवाजात, पुटपुटत, अर्धवट झोपेतल्यासारखं, बाकावर बसून चाळीस वर्षं द्यायचा तसं. आणि लगेच पुढचं नमान वरच्या आवाजात सुरू झालं. मी टोपी काढली आणि पावाची पिशवी आवाज करणार नाही अशी छातीशी धरून पुढे गेलो.