मिस्त्रींचा कान आणि पाचशेचं इंजिन

इंजिन फ्रेममध्ये बसायला दोन बोटं जागा कमी पडत होती, आणि ती दोन बोटं कुठून आणायची यात मिस्त्रींचे तीन दिवस गेले.

फ्रेम लेकीच्या बाइकची होती. चारशे पन्नास सीसीच्या फोर-स्ट्रोक इंजिनासाठी बनवलेली, ॲल्युमिनियमची, हलकी. मागच्या चढाच्या शर्यतीत अर्ध्या टेकडीवर त्या इंजिनाचा रॉड तुटला आणि केसिंग फोडून बाहेर आला. येता येता तिच्या पोटरीला चाटून गेला, सात टाके पडले. फ्रेमला मात्र ओरखडासुद्धा नाही. तिकडे भंगारवाल्याच्या शेडमध्ये एक पाचशेचं टू-स्ट्रोक इंजिन पडून होतं. त्याची मूळ बाइक धडकेत वाकडी झाली होती, पण इंजिन ठणठणीत होतं. लेक म्हणाली, बाबा, हे त्यात बसवा. दुसरा कुणी असता तर हसला असता. मिस्त्रींनी इंजिनाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, आणि नाही म्हणायचं राहूनच गेलं.

शर्यतीला अठरा दिवस होते. मिस्त्रींनी फ्रेमच्या खालच्या दोन्ही नळ्या कापल्या, बाहेर फाकवून पुन्हा वेल्ड केल्या. इंजिन धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे साचे आधी पुठ्ठ्याचे कापले, आणि ते घेऊन जावई आपल्या लेथवर गेला. जावई टर्नर होता. बोलायला कंजूष, मापाला चोख. त्यानं आणलेल्या पट्ट्या पहिल्याच फटक्यात बसल्या, तेव्हा मिस्त्री नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्याकडून "हं" मिळणं म्हणजे दुसऱ्याकडून फुलांचा हार मिळण्यासारखं होतं. सायलेन्सरची फुगीर नळी रेडिएटरला घासत होती, ती तापवून, ठोकून वळवली. मागच्या चाकापासून दोरी ताणून चेन सरळ रेषेत आहे ना, ते पाहिलं. एक गोष्ट तेवढी मनासारखी होईना. या फ्रेममध्ये हवेच्या फिल्टरचा डबा वर होता आणि कार्बोरेटर खाली. मिस्त्रींनी कार्बोरेटर अंगठाभर वर ओढून घेतला. त्याच्या आणि इंजिनाच्या मधला रबरी सांधा जरा ताणला गेला, पण बसला.

हातांनी करायचं काम होतं तोवर मिस्त्रींना घोर नव्हता. घोर पुढचा होता.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांना ऐकू येणं कमी झालं होतं. सगळंच नव्हे. जाड आवाज यायचे, बारीक आवाज गेले होते. दारावरची घंटा, पाखरं, नातेवाइकांच्या लहान मुलांचं बोलणं. बायकोचं ऐकू न येणं हा नवऱ्यांचा जुनाच आजार, म्हणून सुरुवातीला तिनंही मनावर घेतलं नव्हतं. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं आणि तेव्हापासून ती बोलण्याआधी त्यांच्यासमोर येऊन उभी राहायला लागली. त्यावर दोघं एक अक्षर बोलले नव्हते.

बोलणार तरी काय? मिस्त्रींचं सगळं नाव कानावर उभं होतं. लोक फोनवर गाडी चालू करून दाखवायचे आणि मिस्त्री इकडून सांगायचे, डावीकडचं बेअरिंग गेलंय. हल्ली ते म्हणायचे, फोनला खरखर आहे, गाडीच घेऊन या. गाडी आली की स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकायचे. निम्मं हाताला कळायचं, उरलेलं अंदाजानं. अंदाज आजवर चुकला नव्हता. पण टू-स्ट्रोकचं दुखणं बारीक आवाजातच बोलतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

शुक्रवारी दुपारी इंजिन पहिल्यांदा चालू केलं. तीन किका फुकट गेल्या, चौथीला मिस्त्रींचं शेड हादरलं. खिळ्यांचे डबे फळीवरून सरकले, निळा धूर छताला लागला. लेक टाळ्या वाजवत होती, ते मिस्त्रींना दिसलं. त्यांनी टाकीवर तळहात ठेवला, रेस दिली, सोडली. हाताला धक्के नीट लागत होते. त्यांनी मान डोलावली.

इंजिन बंद झाल्यावर जावई जवळ येऊन म्हणाला, "बाबा, रेस सोडल्यावर ते लगेच खाली येत नाही असं वाटलं मला. वरच्यावर रेंगाळतंय."

मिस्त्रींनी टाकीवरचा हात काढून घेतला. त्यांना रेंगाळणं ऐकूच आलं नव्हतं. खरं तर ते तिथेच म्हणायला हवं होतं. पण लेक समोर होती, शेजारच्या दुकानातली दोन माणसं धूर बघून आली होती, आणि मिस्त्रींच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"जावईबापू, तुम्ही लेथ सांभाळा. इंजिन मी चाळीस वर्षं ऐकतोय."

जावयाचा चेहरा उतरला. त्यानं हात पुसले आणि गेला. त्या दिवशी मिस्त्रींना जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय. रेंगाळत असेल तर कुठून तरी जादा हवा शिरत असणार, हे त्यांना कळत होतं. सकाळी पुन्हा खोलून बघू, असं त्यांनी ठरवलं. सकाळी लेक सात वाजताच बाइक गाडीत चढवून चाचणीला निघायला तयार होती. तिच्या उत्साहापुढे ते गप्प बसले.

दगडाच्या जुन्या खाणीत तळाला सपाट मैदान होतं आणि तीन बाजूंना सरळ कडा. पहिला फेरा छान झाला. दुसऱ्यात तिनं गिअर वाढवले, पुढचं चाक जमिनीवरून उचललं आणि मैदान क्षणात संपलं. जावई मिस्त्रींच्या शेजारी उभा होता. कालपासून दोघांत बोलणं नव्हतं.

तिसऱ्या फेऱ्यात ती परत वळली, आणि मिस्त्रींनी पाहिलं की तिनं मनगट पूर्ण सोडलंय, तरी बाइकचा वेग कमी होत नाही. धूरही पातळ झाला होता, नसल्यासारखा. शेजारी जावयाचे ओठ हलले, तो हातवारे करत धावत सुटला. मिस्त्रींना त्याचा एक शब्द आला नाही. पण काय झालंय ते त्यांना कळलं, आणि तेही धावले.

लेकीनं क्लच दाबला. आता चाकावरचा भार सुटला आणि इंजिन मोकाट झालं. तिनं ब्रेक आवळले, बाइक घसरत कड्यापासून दहा-बारा पावलांवर थांबली, पण दोन्ही पायांच्या मध्ये ते इंजिन किंचाळतच होतं. तिनं बंद करायचं बटण दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं. काही नाही. इंजिन आतून इतकं तापलं होतं की त्याला ठिणगीची गरज उरली नव्हती. क्लच सोडावा तर बाइक तिला घेऊन कड्यावर जाणार. धरून ठेवावा तर ते फुटणार. मागच्या खेपेला फुटलं तेव्हा काय झालं ते तिच्या पोटरीवर लिहिलेलं होतं. हेल्मेटच्या काचेतून तिचे डोळे दिसत होते, मोठे झालेले.

जावई तिच्या कानाशी ओरडत होता, पण त्या आवाजात कुणालाच काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मिस्त्री धापा टाकत पोचले आणि सरळ बाइकच्या समोर, तिच्या आणि कड्याच्या मध्ये उभे राहिले. जावयानं त्यांचा दंड धरून ओढलं. त्यांनी त्याचा हात झिडकारला. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलं, हँडलवर छातीनं सगळा भार टाकला आणि तिच्या डोळ्यांसमोर पाच बोटं धरली. मग तोच हात वर ढकलून गिअर वाढवायची खूण केली. पाचवा. मग दोन्ही मुठी आवळून दाखवल्या, ब्रेक. मग डावी मूठ झटकन उघडली. ब्रेक आवळून वरच्या गिअरात क्लच सोडला की इंजिनाला तो भार ओढवत नाही, ते गुदमरून बंद पडतं.

तिनं मान हलवली. नाही. तुम्ही समोर आहात.

मिस्त्रींनी तीच खूण पुन्हा केली, सावकाश, लहानपणी तिला सायकल शिकवताना करत तशी. पाच. ब्रेक. सोड.

तिनं पायानं एकेक गिअर वर टाकला, ब्रेक आवळले आणि क्लच सोडून दिला. बाइकनं एकच उसळी घेतली. हँडल मिस्त्रींच्या छातीत बसलं, ते मागे पडले, आणि इंजिन मेलं.

तापलेल्या धातूचा वास येत होता. लेकीनं हेल्मेट काढलं.

"बाबा, काल हा म्हणाला होता. तुम्हाला खरंच ऐकू आलं नव्हतं?"

मिस्त्री जमिनीवरच बसून होते. "नाही," ते म्हणाले. "मला बारीक आवाज येत नाही. वर्ष होत आलं."

तिनं कातडी हातमोजे काढून जमिनीवर आपटले आणि चालत खाणीच्या तोंडाकडे गेली. जावयानं मिस्त्रींना हात देऊन उठवलं. मिस्त्री म्हणाले, "काल तुमचं ऐकायला हवं होतं." जावई म्हणाला, "छातीला फार लागलंय का?" त्या दोघांचं भांडण तेवढ्यावर मिटलं.

शेडमध्ये खोलून पाहिलं तर तो ताणलेला रबरी सांधा खालच्या अंगाला चिरला होता, नखभर. तिथून हवा शिरून पेट्रोल कमी पडत होतं. पिस्टनच्या माथ्यावर चटके उठले होते. नवीन पिस्टन, नवीन सांधा, आणि कार्बोरेटर ओढून न बसवता फिल्टरचा डबाच खाली घ्यायचा. म्हणजे ती शर्यत गेली.

लेक पाच दिवस शेडकडे फिरकली नाही. आईशी फोनवर बोलायची, बाबांचं विचारायची नाही. सहाव्या दिवशी आली ती दारातच उभी राहिली. समोर, तिची आई उभी राहायची तशी.

"इंजिन फुटलं असतं म्हणून राग नाही," ती म्हणाली. "मला खोटं सांगितलंत म्हणून आहे. आधी डॉक्टर. मग बाइक."

मिस्त्री डॉक्टरकडे गेले. बंद खोलीत, कानांवर डबडी लावून, आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला ते काचेपलीकडच्या बाईचा हात बघून बटण दाबत होते. चार वेळा दाबल्यावर त्यांनाच स्वतःची लाज वाटली. त्यांनी खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड केलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही, आणि ते काहीच न दाबता बसून राहिले.

इंजिन पुन्हा चालू केलं तेव्हा मिस्त्रींनी टाकीवर हात ठेवला आणि जावयाकडे पाहिलं. जावयानं डोळे मिटले होते. रेस दिली, सोडली. जावयानं बोट आडवं हलवलं. मिस्त्रींनी कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदलला, एका मापानं मोठा. पुन्हा तेच. पुन्हा बदलला. तिसऱ्या खेपेला जावयानं डोळे उघडले आणि म्हणाला, "आता लगेच खाली बसतंय."

"हाताला पण तसंच लागतंय," मिस्त्री म्हणाले.

दीड महिन्यानं पुढची शर्यत झाली. टेकडीच्या पायथ्याशी मिस्त्री, त्यांची बायको आणि जावई उभे होते. बाइक सुटली, चढाला भिडली, मधल्या खडकांवर एकदा आडवी व्हायला आली आणि सावरली. मिस्त्रींच्या बायकोनं डोळे झाकून घेतले. लेक वर पोचली तेव्हा चाळिसांत चौथी आली होती.

खाली येऊन तिनं पहिली गोष्ट सांगितली, ती अशी की दोन्ही हात कोपरापर्यंत बधिर झालेत, असलं थरथरणारं इंजिन माणसाला देतात का? मिस्त्रींना त्यातलं निम्मं कळलं. उरलेलं त्यांनी विचारलं, "काय म्हणालीस? पुन्हा सांग." तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, दोन्ही हात त्यांच्यापुढे धरून.