सदतीस हर्ट्झ

कारखान्यातले मोठे पंखे ज्या लोखंडी चौकटीवर बसतात, तिचं वजन निम्म्यावर आणायला तिला चार वर्षं लागली. बिनकामाचं लोखंड संगणकाकडून हुडकून काढायचं आणि तरी पंखा फिरताना चौकट थरथरू द्यायची नाही, हे तिचं संशोधन. ते छापून आलं तिच्या मार्गदर्शक सरांच्या एकट्याच्या नावानं. ती होती शेवटी, आभारात, टंकलेखकाच्याही खाली.

ती जाब विचारायला गेली, तेव्हा सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "अगं, तुझं अजून सगळं आयुष्य पडलंय."

"तक्रार कर," आई म्हणाली.

"तक्रार समितीचे अध्यक्ष तेच आहेत, आई. मी बघते त्यांच्याकडे."

दोन महिन्यांनी तिला त्या कामात स्वतःचीच चूक सापडली. प्रत्येक चौकट ठरावीक वेगांच्या हादऱ्यांना जोरात थरथरते; त्यातलं पहिलं कंपन संगणक पंख्याच्या वेगापासून लांब ठेवत होता. पण लोखंड कमी होताना दुसरं कंपन गुपचूप खाली सरकून सदतीस हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला सदतीस हादऱ्यांवर, येऊन बसलं होतं. तिनं आपल्या वहीत ती चूक सुधारली. सरांना अवाक्षर सांगितलं नाही. चाचणीशिवाय चौकट कुठेच बसणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आठ महिने ती त्यांना रोज हसून नमस्कार करत राहिली.

चाचणीला कारखान्याचे मालक आणि संस्थेचे संचालक आले. वर्कशॉपच्या वेल्डरकाकांनी चौकट हादरे देणाऱ्या टेबलावर आवळली होती. भोवती जाळी तिनं आग्रहानं लावून घेतली होती. सरांनी हादरे तीस हर्ट्झपर्यंत नेले. चौकट ढिम्म हलली नाही. टाळ्या पडल्या.

"सर, सदतीसवर न्या ना," ती मागून म्हणाली.

"काही गरज नाही."

"उन्हाळ्यात आमचा पंखा तेवढाच पळतो," मालक म्हणाले. "न्या."

छत्तीसला घरघर सुरू झाली. सदतीसला चौकट पिळवटली, कोपरा फाटला आणि तुटलेली पट्टी जाळीवर आदळली.

"वेल्डिंग कच्चं असणार," सर घाईनं म्हणाले. वेल्डरकाकांचा चेहरा उतरला.

"वेल्डिंग पक्कं आहे," ती म्हणाली. "दुसरं कंपन कुठे येतं, तेवढं फळ्यावर काढून दाखवा, सर. पद्धत तुमचीच आहे."

सरांनी खडू घेतला. दोन ओळी लिहिल्या आणि थांबले. मानेवर घाम आला. तिनं त्यांना तसंच उभं ठेवलं, सगळ्यांचं पाहून होईपर्यंत. मग पुढे होऊन उरलेलं गणित मांडलं आणि सुधारलेली चौकट काढून दाखवली.

लेख मागे घेतला गेला, नवा तिच्या नावानं छापला. सरांनी महिन्याभरात राजीनामा दिला. ते गाडीत खोकी भरत असताना ती त्यांना खिडकीतून पाहत होती. आपल्याला वाईट वाटेल, असं तिला वाटलं होतं. उलट गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ती जागची हलली नाही.

"पोरी, तुला आधीपासून माहीत होतं?" एकदा वेल्डरकाकांनी विचारलं.

"हो."

"त्या दिवशी माझी नोकरी गेली असती."

"मी जाऊ दिली असती का, काका?"

काकांनी वेल्डिंगची काच चेहऱ्यावर ओढली. त्यानंतर मात्र ते तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले. तिनं तेही चालवून घेतलं.